भारतीय पासपोर्टवर गाडीसह मेक्सिकोत बिऱ्हाड हलवताना: आधी गाडीच्या परतीचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारे एक मराठी दांपत्य आहे, दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. पतीचे काम अमेरिकी कंपनीसाठी कंत्राटी स्वरूपाचे असून ते कोठूनही करता येते, म्हणून मेक्सिकोतील केरेतारो शहरात काही वर्षांसाठी बिऱ्हाड हलवायचे ठरले आहे. घरची सहा वर्षांची एसयूव्ही सामान भरून सोबत न्यावी काय, सीमेवर कोणते कागद लागतील आणि तेथे पोहोचल्यावर रोजचे जगणे कसे असते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी केरेतारोत अनेक वर्षे राहतो आणि अशी बिऱ्हाडे हलवणाऱ्या कुटुंबांना कागदपत्रांपासून घर लागेपर्यंत मदत करतो, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

गाडीबद्दलचे माझे मत सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकीचे सगळे नियोजन त्यावर अवलंबून आहे. तुमच्या अमेरिकी व्हिसाची मुदत पुढील चार वर्षे पुरणारी नसेल किंवा तो नूतन होण्याची खात्री नसेल, तर गाडी टेक्सासमध्येच विकावी आणि मेक्सिकोत दुसरी घ्यावी. अमेरिकी नागरिकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ही गोष्ट सापडत नाही, कारण त्यांना तो प्रश्न पडतच नाही. परदेशी गाडी मेक्सिकोच्या अंतर्भागात न्यायची तर तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यावा लागतो आणि त्याची मुदत संपण्याआधी गाडी देशाबाहेर काढावीच लागते. गाडी बाहेर काढायची म्हणजे ती चालवत अमेरिकेत परत न्यायची. त्या दिवशी तुमच्याकडे वैध अमेरिकी व्हिसा नसेल, तर गाडी सीमेपर्यंत नेता येईल, पण तुम्हाला पलीकडे जाता येणार नाही. तात्पुरत्या परवान्यावरची गाडी मेक्सिकोत विकता येत नाही, भेट देता येत नाही आणि मुदतीनंतर ती रस्त्यावर आढळली तर जप्त होऊ शकते. म्हणून भारतीय पासपोर्टधारकाने गाडी आत कशी न्यायची याआधी ती बाहेर कशी आणायची, याचे उत्तर स्वतःकडे तयार ठेवले पाहिजे.

गाडी कायमची आयात करणे हा तिसरा मार्ग आहे, पण तो सर्व गाड्यांना खुला नसतो. सवलतीच्या कराने होणारी नेहमीची आयात मुख्यतः उत्तर अमेरिकेत बनलेल्या आणि साधारण आठ-नऊ वर्षे वयाच्या गाड्यांसाठी आहे. गाडीच्या सतरा अक्षरी ओळख क्रमांकाची सुरुवात १ ते ५ यांपैकी एखाद्या अंकाने होत असेल तर ती उत्तर अमेरिकेत बनलेली आहे, ‘जे’ असेल तर जपानमध्ये आणि ‘के’ असेल तर कोरियात. जपानी नाव असलेल्या अनेक गाड्या अमेरिकेत किंवा मेक्सिकोतच तयार होतात, त्यामुळे ब्रँडवरून अंदाज न बांधता हा क्रमांक वाचावा. हे काम परवानाधारक सीमाशुल्क दलालामार्फतच होते. तुमची गाडी सहा वर्षांची असल्यामुळे आज ती या चौकटीत बसत नाही, पण दोन-तीन वर्षांनी बसू शकेल. ही शक्यता हाताशी ठेवून तात्पुरत्या परवान्यावर गाडी नेणारे लोक आहेत, तथापि आयातीचे नियम वारंवार बदलतात आणि केवळ त्या भरवशावर निर्णय घेऊ नये, असे मी सांगेन.

आता निवासाच्या दर्जाकडे वळतो. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा न घेता जाता येते आणि कमाल १८० दिवस राहता येते. या सोयीमुळे अनेकांची अशी समजूत होते की आधी तसेच जाऊन राहावे आणि निवासपत्राचे तेथे गेल्यावर पाहावे. जवळच्या कौटुंबिक नात्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर पर्यटक म्हणून आत गेलेल्याला देशातच राहून निवासी होता येत नाही. तात्पुरत्या निवासाचा व्हिसा मेक्सिकोबाहेरील त्यांच्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो. तुमच्यासारख्या कुटुंबाने आर्थिक क्षमतेच्या निकषावर अर्ज करावा. त्यात गेल्या सहा महिन्यांचे उत्पन्न किंवा गेल्या बारा महिन्यांची शिल्लक बँकेच्या विवरणांतून दाखवावी लागते आणि सोबत येणाऱ्या प्रत्येक सदस्यासाठी अधिकची रक्कम धरली जाते. नेमका आकडा वकिलातीनुसार आणि वर्षानुसार बदलतो, म्हणून ज्या वकिलातीत मुलाखत आहे तिचाच आकडा प्रमाण मानावा. नोकरी मेक्सिकोतील कंपनीत असती, तर अर्जाची सुरुवात त्या कंपनीने तेथील स्थलांतर कार्यालयात करायची असती. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

व्हिसाच्या या अर्जाआधी एक काम भारतात करून घ्यायचे आहे आणि सर्वांत जास्त वेळ तेच खाते. तुमचे विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचे जन्म प्रमाणपत्र यांवर अपोस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणन, हवे. भारत आणि मेक्सिको हे दोघेही हेग अपोस्टिल कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे भारतीय दस्तऐवजावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे आणि अमेरिकेत मिळालेल्या दस्तऐवजावर त्या राज्याचे अपोस्टिल चालते. मुलीचा जन्म टेक्सासमधला असेल तर ते काम तेथेच होईल. विवाहाची नोंद महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली असेल, तर मूळ दस्तऐवज राज्य शासनाकडून प्रमाणित होऊन मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो आणि यात आठवडे निघून जातात. अपोस्टिल झालेल्या कागदांचे स्पॅनिश भाषांतर मेक्सिकोतील अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे, कारण बाहेर केलेले भाषांतर अनेक कार्यालये स्वीकारत नाहीत.

वकिलातीने पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा १८० दिवसांत एकदाच वापरायचा असतो आणि तो म्हणजे निवासपत्र नव्हे. आत शिरल्यापासून ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात निवासपत्राची प्रक्रिया सुरू करावी लागते. या ठिकाणी रस्त्याने जाणाऱ्यांची गफलत होते. विमानतळावर स्थलांतर अधिकाऱ्यासमोर उभे राहिल्यावाचून सुटका नसते, पण सीमेवरचा पूल ओलांडून जाताना तुम्हाला थांबवून पासपोर्ट मागणारे सहसा कोणी नसते. गाडी सरळ गावात शिरू शकते. स्थलांतर कार्यालय शोधून, गाडी बाजूला लावून, आत जाऊन नोंद करून घेणे ही सर्वस्वी तुमची जबाबदारी आहे. तेथे निवासी व्हिसाचे पान स्वतः उघडून दाखवावे आणि प्रवेशपत्रावर पर्यटकाचा दर्जा न लिहिता ‘कान्हे, ३० दिवस’ (कान्हे म्हणजे व्हिसाच्या बदल्यात निवासपत्र घेणे) अशी नोंद झाली आहे, हे खिडकीपासून हलण्यापूर्वी वाचून पाहावे. पर्यटक म्हणून नोंद झाली तर मिळवलेला निवासी व्हिसा निरुपयोगी होण्याची वेळ येते आणि पुढची दुरुस्ती कष्टाची असते.

गाडीचा परवाना बान्हेर्सितो ही सैन्याची बँक देते आणि तिच्या खिडक्या सीमेवरच्या केंद्रांत असतात. पासपोर्ट, नुकतेच मिळालेले प्रवेशपत्र, गाडीचे मालकीपत्र किंवा चालू नोंदणी आणि त्याच व्यक्तीच्या नावाचे कार्ड एवढे लागते. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे परवानगीपत्र हवे. शुल्काशिवाय एक अनामत भरावी लागते: २००० किंवा त्याआधीच्या मॉडेलसाठी २०० डॉलर, २००१ ते २००६ साठी ३०० आणि २००७ पासून पुढच्या गाड्यांसाठी ४०० डॉलर. तुमच्या गाडीला ४०० लागतील. मुदतीत गाडी बाहेर काढून परवाना त्याच बँकेच्या खिडकीवर रद्द करून घेतला की अनामत परत मिळते. परवाना रद्द न करता गाडी नुसती अमेरिकेत नेली, तर कागदोपत्री ती मेक्सिकोतच राहते. अनामत जाते आणि तुमच्या नावावर पुन्हा परवाना मिळत नाही. सीमेलगतचा पट्टा, बाहा कॅलिफोर्निया, सोनोराचा काही भाग आणि किंताना रो येथे हा परवाना लागत नाही, पण केरेतारो त्यात येत नाही.

निवासपत्राची प्रक्रिया चालू असताना दिल्या जाणाऱ्या प्रवेशपत्रावर गाडीचा परवानाही सहसा ३० दिवसांचाच मिळतो. निवासपत्र हाती आले की गाडीची मुदत आपोआप वाढते, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. कायद्याने गाडीला तुमच्या निवासाइतकीच मुदत मिळते हे खरे, परंतु तुमचा दर्जा बदलला आहे हे तुम्ही सीमाशुल्क खात्याला, जुनी मुदत संपण्याआधी, लेखी कळवावे लागते. केरेतारोत सीमाशुल्क कार्यालय आहे. परवान्याची, पासपोर्टची, प्रवेशपत्राची आणि नव्या निवासपत्राची प्रत जोडून अर्ज द्यावा आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत घ्यावी. काचेवरच्या चिठ्ठीवर जुनीच तारीख दिसत राहते, त्यामुळे ही शिक्क्याची प्रत गाडीत कायम ठेवावी; रस्त्यावर पोलिसांनी विचारले तर तोच तुमचा आधार. पहिले निवासपत्र एका वर्षाचे असते, पुढे ते जास्तीत जास्त एकूण चार वर्षांपर्यंत वाढते आणि प्रत्येक नूतनीकरणानंतर गाडीसाठी हीच सूचना पुन्हा द्यावी लागते. चार वर्षांनंतर कायम निवास मिळतो आणि त्याच क्षणी तात्पुरत्या परवान्यावर गाडी ठेवण्याचा हक्क संपतो. माझ्या पाहण्यात गाडीमुळे अडचणीत आलेली जवळजवळ सगळी कुटुंबे या दोन टप्प्यांपैकी एकावर अडकली होती.

ही गाडी कोणी चालवायची यालाही मर्यादा आहे. परवानाधारक, त्याचा जोडीदार, आईवडील, मुले आणि भावंडे यांना ती चालवता येते, तसेच त्याच दर्जाच्या परदेशी व्यक्तीलाही. इतर कोणी चालवणार असेल तर परवानाधारक गाडीत बसलेला असला पाहिजे. म्हणजे शेजाऱ्याला किंवा ड्रायव्हरला किल्ली देऊन पाठवता येत नाही. याखेरीज टेक्सासची नोंदणी दरवर्षी चालू ठेवण्याचे काम तुमच्यामागे राहते आणि तेथे पत्ता उरला नसेल तर ते दरवर्षी अवघड होत जाते.

विम्याच्या बाबतीत तडजोड करू नये. अमेरिकी विमा मेक्सिकोत मान्य नाही, आणि राष्ट्रीय महामार्गांवर तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. अपघातात कोणी जखमी झाले तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवले जाऊ शकते, म्हणून कायदेशीर मदत आणि जामीन यांचा समावेश असलेलाच मेक्सिकन विमा घ्यावा. अपघातानंतर आधी विमा कंपनीला फोन करायचा असतो; तिचा प्रतिनिधी जागेवर येतो आणि समोरच्या गाडीच्या प्रतिनिधीशी बोलून तेथेच बरेचसे मिटवतो. तो येईपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये.

सामानाचे म्हणाल तर वकिलातीतच ‘मेनाहे दे कासा’ म्हणजे वापरलेल्या घरसामानाची स्पॅनिश यादी प्रमाणित करून घ्यावी. विजेच्या प्रत्येक वस्तूचे नाव, मॉडेल आणि क्रमांक त्यात लिहावा. गाडी या यादीत येत नाही. मेक्सिकोतील घरगुती वीज १२७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे अमेरिकेत घेतलेला मिक्सर तेथे चालेल, पण भारतातून आणलेला २३० व्होल्टचा चालणार नाही. बंदूक किंवा काडतूस नेणे हा गंभीर गुन्हा आहे. टेक्सासमध्ये वापरलेली गाडी घेतली असेल तर सीटखाली आणि डिकीत एखादे सुटे काडतूस राहिलेले नाही ना, हे खरोखर तपासून पाहा. एकच सापडले तरी प्रकरण तुरुंगापर्यंत जाते. ई-सिगारेट नेऊ नये. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते त्या तेथे बंदी असलेल्या आहेत. कच्चे धान्य, बियाणे, ताजी फळे, मांस आणि दुधाचे पदार्थ शेतीमाल तपासणीत अडकू शकतात, म्हणून डाळींची पोती भरून नेण्याचा मोह टाळावा. दहा हजार डॉलरहून अधिक रोख असेल तर ती जाहीर करावी.

रस्त्याबाबत दोन स्पष्ट सूचना आहेत. पहिली, सीमा पहाटे ओलांडावी आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे. टेक्सासमधील लारेडोच्या समोरचे नुएव्हो लारेडो ज्या तामाउलिपास राज्यात आहे तेथील सुरक्षेबाबत अमेरिकी परराष्ट्र खात्याचा इशारा सर्वांत वरच्या पातळीचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. मी कुटुंबांना लारेडोच्या वायव्येकडील कोलंबिया पुलावरून जाण्यास सांगतो. हा पूल थेट नुएव्हो लेओन राज्यात उतरतो, शहराच्या गर्दीत शिरावे लागत नाही आणि परवान्याची खिडकीही तेथे आहे. पुढे मॉन्तेरे, साल्तियो, मातेवाला, सान लुइस पोतोसी आणि केरेतारो असा नऊशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. लहान मुलगी बरोबर असताना तो एका दिवसात उरकू नये. साल्तियो किंवा मातेवाला येथे मुक्काम करावा.

दुसरी सूचना अशी की जेथे जेथे टोलचा रस्ता आहे तेथे तोच धरावा. टोल महाग वाटतो, पण रस्ता सुरक्षित असतो आणि पावतीत त्या टप्प्यापुरता विम्याचा आधारही असतो, म्हणून पावत्या फेकू नयेत. टोलसाठी रोख पेसो जवळ ठेवावेत. गाडी बंद पडली तर ०७८ क्रमांकावर फोन केल्यास ‘आन्हेलेस व्हेर्देस’ ही पर्यटन खात्याची हिरव्या गाड्यांची मदत मिळते. आणीबाणीसाठी ९११ आहे. गावात शिरताना गतिरोधक येतात आणि त्यांतले कित्येक रंगवलेले नसतात. पंपावर पेट्रोल कर्मचारीच भरतो, त्याला थोडे पैसे द्यायची पद्धत आहे, आणि मीटर शून्यावर आल्याचे पाहून घ्यावे. हिरवी नळी साध्या पेट्रोलची, लाल उच्च ऑक्टेनची आणि काळी डिझेलची असते. महामार्गावर पुढच्या ट्रकने डावा दिवा लावला तर तो वळतो आहे किंवा तुम्हाला पुढे जायला सांगतो आहे, असे दोन्ही अर्थ निघू शकतात. खात्री झाल्याशिवाय ओव्हरटेक करू नये.

केरेतारोला पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच निवासपत्राची वेळ घ्यावी. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत विशेष परवानगीशिवाय देश सोडता येत नाही, त्यामुळे त्या महिन्यात परत टेक्सासला एखादी फेरी मारण्याचा बेत ठेवू नये. निवासपत्रावर ‘कुर्प’ हा अठरा अक्षरी ओळख क्रमांक असतो आणि तो बँक, शाळा, दवाखाना सर्वत्र लागतो.

मराठी माणसाला येथे नावाची एक विशेष अडचण येते. मेक्सिकोत प्रत्येकाला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात आणि अर्जात दोन रकाने असतात. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते, आडनाव वेगळे. कारकून हे मधले नाव पाहून ते पहिले आडनाव समजतो आणि खरे आडनाव आईचे म्हणून लिहितो. ‘कुर्प’ नावाच्या अक्षरांवरून तयार होत असल्यामुळे ही चूक क्रमांकातच शिरते आणि मग बँकेतले नाव, करखात्यातले नाव आणि गाडीच्या परवान्यावरचे नाव एकमेकांशी जुळेनासे होते. म्हणून पासपोर्टच्या पानावर आडनावाचा रकाना बोटाने दाखवावा, एकच आडनाव आहे असे सांगावे आणि पत्र छापण्याआधी मसुदा वाचायला मागावा. टेक्सासच्या मालकीपत्रावर मधले नाव गाळलेले किंवा केवळ आद्याक्षर असेल, तर ते निघण्याआधीच पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे.

घर भाड्याने घेताना मालक जामीनदार मागतो आणि त्या जामीनदाराच्या नावे त्याच शहरात स्थावर मालमत्ता असावी अशी अपेक्षा असते. नव्याने आलेल्याकडे असा माणूस नसतो. त्याऐवजी वकिली संस्थेचे हमीपत्र किंवा अधिक महिन्यांची अनामत मान्य करणारे मालक असतात. पहिला महिना-दीड महिना फर्निचरसह मिळणारे छोटे घर घ्यावे आणि शाळा ठरल्यावर कायमचे घर शोधावे, असे मी नेहमी सांगतो, कारण शहर झपाट्याने वाढले आहे आणि सकाळच्या वाहतुकीत शाळा व घर यांतले अंतर दिवसाचा मोठा भाग खाऊन टाकते.

करार करण्यापूर्वी घराचे विजेचे बिल मागून पाहावे. बिल दोन महिन्यांनी येते, तीच पत्त्याची सर्वमान्य ओळख असते आणि त्यावर दराचा प्रकार छापलेला असतो. सामान्य घरगुती दराला सरकारी अनुदान आहे, पण गेल्या बारा महिन्यांचा सरासरी वापर मर्यादेपलीकडे गेला की ‘डीएसी’ हा विनाअनुदान दर लागू होतो. उष्ण नसलेल्या भागांतल्या मूळ दरासाठी ही मर्यादा महिन्याला २५० युनिट आहे. आधीच्या भाडेकरूच्या वापरामुळे घर त्या दरात गेले असेल, तर पहिले काही महिने भुर्दंड तुम्हाला बसतो. गॅस टँकरमधून गच्चीवरच्या टाकीत लिटरने भरला जातो किंवा सिलिंडर मिळतो. पाण्यासाठी गच्चीवर टाकी आणि बहुधा जमिनीखाली हौद असतो. हौदाचा पंप चालतो की नाही, हे पाहूनच सही करावी. नळाचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. २० लिटरच्या बाटल्या दारात येतात आणि रिकामी बाटली देऊन भरलेली घ्यायची असते. फोन, वीज अशी बरीचशी बिले ‘ओक्सो’ या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात रोखीने भरता येतात. प्लंबरपासून शाळेच्या वर्गशिक्षिकेपर्यंत सर्व व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो.

जेवणाबद्दल तुम्ही स्वतंत्र विचारले नसले तरी शाकाहारी कुटुंबाला तो विषय सोडून कसे चालेल? बाजारात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू, आंबे, चिकू, रताळी, शेंगदाणे आणि जिरे सहज मिळते. पावसाळ्यात घोळीची भाजी जुड्यांनी येते, भोपळ्याची फुले येतात, आणि लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचे सरबत घरोघरी होते. राजगिरा हे मूळ तेथलेच धान्य असून त्याच्या वड्या रस्त्यावर विकल्या जातात, त्यामुळे उपवासाची सोय इतर परदेशी शहरांपेक्षा येथे पुष्कळ बरी आहे. तूरडाळ आणि पोळीसाठी बारीक कणीक नेहमीच्या दुकानात मिळत नाही. मात्र चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेले ताजे मक्याचे पीठ गल्लीतल्या गिरणीत मिळते आणि ज्यांना भाकरीची सवय आहे त्यांचा हात त्यावर लवकर बसतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर असल्याने उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो, कुकर बरोबर न्यावाच.

मक्याचा विषय निघालाच आहे तर एक नाव सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी १९२० च्या दशकात मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी शाळेत अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. मेक्सिकोचे विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मुलीला घेऊन तेथे एकदा जाऊन यावे.

बाहेर जेवताना अधिक काळजी घ्यावी लागते. घोटलेल्या घेवड्यात आणि तामालेत (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात) डुकराची चरबी असते, भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, आणि मांस नको एवढेच सांगितले तर ताटात कोंबडी किंवा हॅम येऊ शकते. म्हणून मांस, कोंबडी, मासे, हॅम, चरबी आणि कोंबडीचे पाणी यांपैकी काहीही चालत नाही, असे एकेक नाव घेऊन सांगावे. लोक ते मनावर घेतात, विशेषतः नेहमीच्या खाणावळीत. दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते, म्हणून त्या वेळेत कोणालाही कामासाठी बोलावू नये.

मुलीच्या शाळेबाबत माझा सल्ला असा की पूर्ण इंग्रजी शाळेऐवजी स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत शिकवणारी शाळा निवडावी. नऊ वर्षांच्या मुलाला भाषा वर्गापेक्षा मधल्या सुट्टीत लवकर येते, आणि तिच्या मैत्रिणींच्या घरांतूनच तुमचीही ओळख वाढेल. लसीकरणाची नोंद आणि मागील वर्षांच्या गुणपत्रिका मूळ स्वरूपात जवळ ठेवाव्यात. किरकोळ आजारांसाठी औषधांच्या दुकानांना जोडूनच डॉक्टरांची खोली असते आणि तपासणी फी अल्प असते. प्रतिजैविके २०१० पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. निवासी व्यक्तीला सरकारी सामाजिक विमा संस्थेत ऐच्छिक सदस्य होता येते, परंतु आधीपासूनच्या काही आजारांना ती नकार देते, म्हणून मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी खासगी विम्याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. भारतातील घरच्यांशी बोलण्याच्या वेळेचा मेळ सोपा आहे: मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळेची पद्धत देशाच्या बहुतांश भागात बंद केल्यामुळे केरेतारो आणि भारत यांत वर्षभर साडेअकरा तासांचे अंतर कायम राहते.

पासपोर्टचे नूतनीकरण आणि भारतीय कागदांची कामे मेक्सिको शहरातील भारतीय दूतावासात होतात. तेथे स्वतःची गाडी नेऊ नये, कारण परदेशी पाटीच्या गाड्यांना त्या शहरात सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते सकाळी ११ या वेळेत बंदी असते, शिवाय पाटीच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातला एक दिवस पूर्ण बंद असतो. पर्यटकांसाठी मोफत पास आहे, पण एका दिवसाच्या कामासाठी बसच बरी. केरेतारोहून मेक्सिको शहराच्या उत्तरेकडील बस स्थानकापर्यंत साधारण तीन तास लागतात आणि गाड्या दिवसभर सुटतात. पासपोर्टची मुदत एक वर्षाहून कमी राहिली असेल तर तो अमेरिकेतूनच नूतन करून घ्यावा आणि मगच निवासी व्हिसाचा अर्ज करावा, म्हणजे व्हिसा, निवासपत्र आणि गाडीचा परवाना या तिन्हींवर एकच पासपोर्ट क्रमांक राहील. घर बदलले तर नवा पत्ता स्थलांतर कार्यालयाला ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो, नाहीतर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दंड होतो.